माझा अडकलेला नकार

“अफेजिया,” डॉक्टर म्हणाले आणि माझ्याकडे न बघता माझ्या मुलीला, अश्विनीला, समजावू लागले. “मेंदूच्या डाव्या बाजूला स्ट्रोक आलाय. आईंना सगळं समजतंय, पण बोलायला शब्द सापडणार नाहीत.”

समजतंय तर मला सांगा की! पण हे मनातच राहिलं. तोंडातून निघालं, “त... त...”

एकतीस वर्षं शाळेत शिकवलं. परळच्या आमच्या चाळीतही माझाच शब्द शेवटचा असायचा, आणि तो बहुतेक वेळा ‘नको’ असायचा. हळदीकुंकू नको, दुपारच्या गप्पा नको, दार उघडं टाकून बसणं तर नकोच. नेमका तोच शब्द गेला.

आठ दिवसांनी घरी आले. आठवड्यातून दोनदा स्पीच थेरपी, म्हणजे बोलायला पुन्हा शिकायचं. तिथल्या खिडकीवर दर वेळी हुकूम, “पेशंटनं स्वतः नाव सांगायचं.” बोलता येत नाही म्हणूनच आलोय, हे अश्विनीनं दर वेळी सांगायचं. नुसता संताप व्हायचा.

मग शेजारच्या भिवातात्यांनी गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. आम्ही सगळी कोकणातली माणसं. काही अडलं की देवापुढे नारळ ठेवून एकानं मोठ्यानं मागणं मागायचं आणि जमलेल्यांनी साथ द्यायची. मला न विचारता अख्खी चाळ माझ्या खोलीत शिरली.

“बा देवा म्हाराजा, आमच्या बाईंची वाचा ग्येली हा, ती परत दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे ओरडले. त्यांच्यात मीही. अगदी खणखणीत. अश्विनी रडायलाच लागली.

थेरपिस्ट म्हणाल्या, “लहानपणापासून कानावर पडलेलं असं आपोआप निघतं. रोज म्हणून घ्या.”

झालं! चाळीला कामच मिळालं. रोज संध्याकाळी पाच-सहा जण हजर. “बाई, चाय हाडू?” मला नको असायचा, पण तोंडातून निघायचं, “व्हय म्हाराजा.” मान हलवावी तर तीही उलटीच हलायची. एका संध्याकाळी चार कप चहा पोटात गेला. समोरच्या सुमननं माझ्या खिडकीला भडक गुलाबी पडदा लावला, तोही माझ्याच होकारानं. चिडून उशी भिरकावली, तर “हातात ताकद येतेय हां!” म्हणून टाळ्या.

तुमच्या घरात कुणावर ही वेळ आली तर एक लक्षात ठेवा. थेरपी पाऊण तासात संपते, दिवस संपत नाही. या लोकांनी मला एक दिवसही गप्प बसू दिलं नाही. पाढे, महिन्यांची नावं, आरत्या. मी चुकले की पुन्हा पहिल्यापासून. इतक्या सबुरीनं मी मुलांनाही कधी शिकवलं नव्हतं.

तिसऱ्या महिन्यात एकदा आरतीत अडकले आणि रागानं भिंतीकडे तोंड फिरवलं. तात्या उठले. “बाईंका त्रास होता. उद्यापास्ना येवचा बंद करूया. चलात मा, बाई?”

आता तोंडातून होकार निघाला असता तर संपलंच होतं. मी ओठ घट्ट मिटून धरले. बाहेर चपला सरकवल्याचा आवाज आला.

“नको!”

सगळे दारातच थांबले. तात्यांनी हळूच विचारलं, “बंद नको?”

“नको,” मी म्हटलं, आणि ढसाढसा रडले.

आता बरंचसं बोलता येतं. दार उघडंच असतं. खिडकीला पडदा अजून तोच, भडक गुलाबी. सुमनला नको म्हणून सांगता येतं मला. सांगत नाही.