चालता-चालता मोडी

बसायचा इतका कंटाळा असलेला माणूस अख्ख्या बंगळूरमध्ये दुसरा नसेल. आमच्या घरमालकांचे हे थोरले भाऊ. सगळे त्यांना अण्णा म्हणत. नव्वदच्या दशकात मी जयनगरला त्यांच्याकडे मागच्या खोलीत राहून बी.ए. करत होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. इतिहासात पुढं शिकायचं तर मोडी लिपी यायला हवी, असं सरांनी सांगितलं. अण्णांना ती येते असं ऐकलं होतं, म्हणून भीत भीत त्यांनाच विचारलं.

"शिकवीन की. पण शिकलास की मला एक पत्र वाचून दाखवायचं. वडिलांचं आहे. आई गेल्यावर तिच्या पेटीत सापडलं."

ते स्वतःच का वाचत नाहीत, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

अण्णांचा वर्ग चालता असे. पहिली ओळ खिडकीशी, दुसरी व्हरांड्यात, तिसरी गच्चीवर. ढग आला की थेट समोरच्या बागेत. कागद त्यांच्या हातात, आणि मी मान वाकडी करून मागे. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढायची, मग हात न उचलता अक्षरं तिला टांगत जायची. दोन शब्दांत जागा सोडायची नाही. म्हणून वाचणाऱ्यानंही थांबू नये, हा अण्णांचा कायदा. मी अडखळलो की म्हणत, "हं, पुढं. बस सुटली तुझी." बाजारात भाजीची यादी करतानाही त्यांनी आधी रेघच ओढली. भाजीवाली कन्नडमध्ये म्हणाली, "अण्णा, रेघ नंतर. वांगी किती?"

माझ्या चुका ते कागदाकडे न बघता पकडत. केवढी ही विद्वत्ता, असं मला वाटे. एकदा मी चुकून सरांनी दिलेला भलताच कागद त्यांच्या हाती दिला. अण्णांनी तो उन्हात धरला आणि कालचं पान घडाघडा म्हणून दाखवलं. तेव्हा कुठं मला उमगलं, की अण्णांना अक्षरं नीट दिसत नाहीत, पानं पाठ आहेत, आणि यातली निम्मी धावपळ उजेड शोधण्याची होती. मी तो कागद हळूच परत घेतला.

"कळलं ना?" अण्णा म्हणाले. "आण ती पेटी."

व्हरांड्याच्या पायरीवर मी वाचू लागलो, शिकवल्याप्रमाणे, न थांबता. वडील नोकरीसाठी म्हैसूरला गेले असताना त्यांनी घरी लिहिलेलं ते पत्र. खुशाली, हवापाणी, आणि मग: 'थोरला एका जागी बसत नाही म्हणून त्यास मारीत जाऊ नये. मीही लहानपणी तसाच होतो.' मी तसाच पुढच्या ओळीवर गेलो, तर मनगटावर हात आला. अण्णा माझ्या शेजारी बसले होते.

"स्वल्प सावकाश," ते म्हणाले. "बस कुठं सुटते आहे?"

मी पुन्हा रेघेच्या सुरुवातीपासून वाचलं. ऊन पायरीवरून उतरून गेलं, तरी अण्णा उठले नाहीत.