हरभऱ्याचा एक कोपरा सोडायला आम्ही ठाण्याहून समुद्रपूरला गेलो

"शेत नसलेल्या माणसांनी शेताचे नियम किती दिवस शिकायचे?" असं लिलीने वर्गात विचारलं आणि आमची सहल ठरली.

आधी वर्गाबद्दल सांगते. आम्ही ठाण्यातले बेने इस्रायली, म्हणजे घरात मराठी बोलणारे ज्यू. दर शनिवारी दुपारी सिनेगॉगच्या मागच्या खोलीत आमचा मोठ्यांचा अभ्यासवर्ग भरतो. सगळ्यात लहान विद्यार्थिनी मी, वय बावन्न. लहानपणी आम्ही प्रार्थना पोपटासारख्या पाठ केल्या, अर्थ कुणी सांगितला नाही, कारण सांगणाऱ्यांनाही तो कुणी सांगितला नव्हता. हिब्रू अक्षरं मी पंचेचाळिशीनंतर गिरवली. शिकवणारे रुबेनकाका शहात्तर वर्षांचे, निवृत्त गणित शिक्षक. चूक झाली की अजून चष्म्यावरून बघायचे आणि आम्ही अजून घाबरायचो.

या वर्षी आमचं धर्मग्रंथातलं शेताच्या नियमांचं प्रकरण चालू होतं. पीक कापताना शेताचा एक कोपरा उभा सोडायचा, तो गरिबांचा. खाली पडलेलं उचलायचं नाही. एखादी पेंडी विसरली तर ती आणायला मागे फिरायचं नाही. आणि तो कोपरा कुणी न्यायचा हे मालकाने ठरवायचं नाही. रुबेनकाकांनी नऊ वर्षांत हे प्रकरण तीनदा शिकवलं, पण शेतात पाऊल टाकलं नव्हतं. एप्रिलमध्ये ते कायमचे मुलांकडे इस्रायलला चालले होते. लिलीचा प्रश्न ऐकून त्यांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "आपण सोडलेल्या कोपऱ्यातून कुणीतरी नेताना मला एकदा बघायचंय. बस, तेवढंच राहिलंय."

आता ठाण्यात शेत कुठून आणायचं? मला सुनंदा आठवली. टेलिफोन खात्यात आम्ही वीस वर्षं शेजारच्या टेबलांवर बसलो. आता ती वर्ध्याला लागून सिंदी मेघेत राहते आणि तिच्या मोठ्या बहिणीची, कमलताईंची, समुद्रपूरजवळ तीन एकर शेती आहे. फोनवर सगळं ऐकून सुनंदा म्हणाली, "म्हणजे तुमी इतक्या दूरून पीक न कापाले येऊन राह्यले?" मी हो म्हटलं. "येजा मंग. हरभरा सोंगणीले आलाच हाय." सोंगणी म्हणजे कापणी.

शनिवारी सूर्यास्तानंतर, शब्बाथ, म्हणजे आमचा विश्रांतीचा दिवस, संपल्यावर, आम्ही पाच जण गाडीत बसलो. मार्च महिना होता, त्यामुळे आरक्षण महिनाभर आधी करा, नाही तर माझ्यासारखं वरच्या बर्थवर गुडघे पोटाशी घेऊन झोपावं लागेल. सकाळी वर्धा. स्टेशनाबाहेर पोहे आणि वर तर्री, म्हणजे तिखटजाळ रस्सा. जपून घाला, लिलीच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तरी तिने दुसरी प्लेट घेतली. दुपारी हिंगणघाटमार्गे समुद्रपूरची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट आणि पंचाहत्तरीच्या पुढे फुकट. वाहकाने काकांचं आधार कार्ड बघून हात जोडले, तेव्हा काका आमच्याकडे असं बघत होते जणू एसटीच त्यांच्या नावावर झाली. बाहेर पळस फुलला होता. पानं नाहीत, नुसता केशरी रंग, मैलोन् मैल. मी आयुष्यभर महाराष्ट्रात राहिले आणि हे मला माहीतच नव्हतं, याची लाजही वाटली.

कमलताई साठीच्या, काटक, कमी बोलणाऱ्या. घरात भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली ताजी झेंडूची फुलं. आमच्या पद्धतीने न कापलेलं मांस आम्ही खात नाही, हे सुनंदाने आधीच सांगून ठेवल्यामुळे जेवण शाकाहारी होतं: ज्वारीची भाकरी, पाटवडीचा रस्सा, ठेचा. जेवल्यावर काकांनी त्यांना नियम समजावून सांगितले. हेही सांगितलं की खरं तर हे नियम आमच्या पूर्वजांच्या भूमीपुरते आहेत, इथे बंधनकारक नाहीत, आपण फक्त करून बघतोय. मग पाच गुंठ्यांतल्या उभ्या पिकाचा भाव विचारला. कमलताई पैसे घेईनात. काका हटून बसले. "ताई, पीक आमचं झालं नाही तर आम्ही सोडणार काय?"

त्यांनी पैसे घेतले आणि विचारलं, "मी काई सोडत नाई, बरं. खोटं काऊन बोलू? तीन एकरात सोडाले हाय काय? पन तुमच्या धर्मात हे कवापासून हाय?"

"हजारो वर्षांपासून," काका म्हणाले.

"म्हणजे गरीब बी तवापासूनच हायेत," कमलताई म्हणाल्या आणि भांडी उचलून आत गेल्या.

सोमवारी पहाटे साडेपाचला त्यांनी आम्हाला उठवलं. हरभरा दव असतानाच सोंगायचा, ऊन चढलं की घाटे हात लावताच फुटतात आणि दाणे जमिनीवर. जाणार असाल तर पूर्ण बाह्यांचा सदरा आणि जुने बूट न्या. हरभऱ्याच्या झाडावर आंबट खार असतो, तो बोटांच्या चिरांमध्ये शिरला की दिवसभर चुरचुरतो. कमलताईंनी विळा कसा धरायचा ते एकदा दाखवलं, मग आमच्याकडे बघायचं सोडून दिलं. त्यांची मजूर बाई जे तासाभरात करते त्याला आम्हा पाच जणांना चार तास लागले. काका सगळ्यांत हळू, पण ओळ मात्र पट्टीने आखल्यासारखी.

मध्येच मी पाणी प्यायला गेले आणि परतताना मला माझीच एक पेंडी मागे राहिलेली दिसली. मी सरळ तिच्याकडे निघाले. वाकले, हात लावला, आणि पलीकडून लिली म्हणाली, "एस्तेर, विसरलेली पेंडी आहे ती."

मी जागीच थांबले. हा नियम मी दहा वेळा वाचला होता, वहीत लाल शाईने लिहिला होता. माझ्या पायांना तो ठाऊकच नव्हता. ती पेंडी तिथेच ठेवून पाठ फिरवणं जड गेलं, आणि शेत तर माझं एका रात्रीचं. ज्यांनी वर्षभर घाम गाळून हे केलं असेल, त्या माझ्या अनोळखी पूर्वजांसमोर मला त्या क्षणी खरोखर हात जोडावेसे वाटले.

शेवटी कोपरा. काका रस्त्याकडच्या कोपऱ्यापाशी उभे राहिले. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल, कुणाला विचारावं लागणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

"तो नको," कमलताई म्हणाल्या. "नाल्याकडचा सोडा. रस्त्यावरून समदं गाव पायते."

काका नाल्याकडे वळले. कोपरा कुठे असावा आणि का, यावर आम्ही दोन शनिवार वाद घातला होता. या बाईला उत्तर द्यायला विळा खाली ठेवण्याइतकाही वेळ लागला नाही.

नाल्याकडचा कोपरा सोडला आणि आम्ही बांधावरच्या बाभळीखाली बसलो. अकरा वाजले, बारा वाजले. काकांनी डोक्यावर रुमाल घेतला होता आणि नजर कोपऱ्यावरून हलत नव्हती. मी मोबाइल फोटोसाठी तयार ठेवला होता, हे लिहायला आज जिवावर येतं. एकदा नाल्यापलीकडून दोन बायका आल्या, काखेत टोपली. थांबल्या, कोपऱ्याकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि चालू लागल्या. काका अर्धे उठले होते, ते परत बसले. त्यांचा चेहरा इतका पडला की मला बघवेना.

कमलताई शिदोरी घेऊन आल्या. "कोणीच येत नाही हो," मी म्हटलं.

"तुमी अथी बसले तं कोन येईन?" त्या भाकरी वाटता वाटता म्हणाल्या. "माही माय सरवा वेचाले जाये. लोकाच्या वावरात, कापनी झाल्यावर पडलेलं वेचाले. मी तिच्या कडेवर. मालक बांधावर बसून राहे. काई बोले नाई बिचारा, वेचू दे, पन बसून राहे. माय घरूनच पाहे, मालक जेवायले गेला का? तो गेल्यावर जाये. भूक लागली तरी तो गेल्यावरच जाये." मग त्या काकांना म्हणाल्या, "काका, ठेचा घ्या."

काकांनी घास खाली ठेवला. इतकी वर्षं आम्ही हे प्रकरण बांधावर बसून वाचलं होतं. एकदाही कुणाला वाटलं नाही की ते नाल्याकडूनही वाचता येतं. रुबेनकाका काठी टेकत उठले. "चला," ते म्हणाले.

"काका, तुम्हाला बघायचं होतं ना?" लिलीने विचारलं.

"हो," ते म्हणाले, "फार." आणि त्यांनी शेताकडे पाठ केली.

गावापर्यंत कच्चा रस्ता वीस मिनिटांचा. मी त्यांच्या मागून चालत होते. त्यांनी एकदाही वळून बघितलं नाही. इतकं मोठं काही करताना मी त्यांना, किंवा दुसऱ्या कुणालाही, पाहिलेलं नाही.

मंगळवारी वर्ध्याहून परतीची गाडी. स्टेशनाजवळ गोरसपाक मिळतो, गाईच्या तुपातलं बिस्किट, जाड, खुसखुशीत, दोन डबे घ्याच. केळझरचा गणपती बघायचा सुनंदाचा फार आग्रह होता, तो राहिला. तुम्ही जा आणि मला कळवा. तीन दिवसांचा खर्च माणशी अडीच हजारांच्या आत झाला. आम्ही कापलेल्यातला नेता आला तेवढा हरभरा सिनेगॉगमध्ये वाटला, आणि विळ्याने कापलेल्या बोटांच्या पट्ट्या आठवडाभर मिरवल्या.

पुढच्या रविवारी मी काकांच्या घरी पुस्तकं खोक्यांत भरायला गेले होते. तेव्हा कमलताईंचा फोन आला. "कोपरा साफ झाला बावा," त्या म्हणाल्या. "ते इसरलेली पेंडी बी गेली."

मी फोन काकांना दिला. त्यांना राहवलं नाही. "ताई, कोणी नेलं?"

"तुमाले काऊन पायजे?" कमलताईंचा आवाज मलाही ऐकू येत होता. "ते तुमचं होतंच कवा?"

काका हसायला लागले. हसता हसता चष्मा काढून डोळे पुसले, मग परत हसले. फोन माझ्या हातात देऊन ते त्या अर्ध्या भरलेल्या खोक्याजवळ जमिनीवर बसले आणि म्हणाले, "एस्तेर, हे प्रकरण मला आता चौथ्यांदा शिकवायला हवं होतं."

एप्रिलमध्ये ते इस्रायलला गेले. आता शनिवारचा वर्ग मी घेते. परवा नवीन विद्यार्थिनी आली, साठीची, अक्षरं गिरवणारी. तिने विचारलं, त्या कोपऱ्यातून कोण नेतं हे मालकाला कळतं का? मी म्हटलं, आम्ही विचारून बघितलं, सांगत नाहीत.