पांढऱ्या खडूतला पिवळा

गेल्या महिन्यात एका सकाळी फोन आला. “आंटी, मम्मी गेली,” मोनिकाची सून म्हणाली आणि मी वेड्यासारखं विचारलं, “कुठे?” महिना उलटला, तरी माझा मलाच राग येतो…

नव्वदच्या दशकात भुईगावच्या बालवाडीत आम्ही दोघी शिकवायचो. मुलांनी रंगांचे शब्द नुसते बघून ओळखावेत, ही मोनिकाची हौस. पुठ्ठ्यावर लाल रंगात ‘लाल’, पिवळ्यात ‘पिवळा’. पालकसभेत मुलांनी धडाधड वाचलं, टाळ्या पडल्या. मी खूश, पण हिला चैन कुठे! दुसऱ्या दिवशी तिने तेच शब्द फळ्यावर पांढऱ्या खडूने लिहिले. प्रत्येक शब्दाला वर्ग ओरडला, “पांढरा!” मला हसू आवरेना. तिचा चेहरा पडला. “शब्द नाही गं वाचत, रंग वाचतात,” म्हणाली आणि पुठ्ठे कपाटावर फेकले.

पहिलीचे प्रवेश तोंडावर आलेले. पालक भडकले. रोझीची आई दारातच कडाडली, “काल पोरगी वाचत होती, आज तुम्ही मुकी केली! असंच चाललं तर पाठवनार नाय.” बालवाडी बंद पडायची वेळ. “काढ ना ते पुठ्ठे परत खाली,” मी मोनिकाला म्हटलं, तर दिवसभर माझ्याशी बोलली नाही. असली हट्टी बाई!

रोज ती पांढऱ्या खडूने शब्द गिरवून घ्यायची. मग एकेक शब्द पाटीवर लिहून मुलांना वाडीत पिटाळायची… लिहिलाय त्या रंगाचं काहीतरी आणा. आधी नुसता पालापाचोळा यायचा. एके दिवशी रोझी ‘पिवळा’ लिहिलेली पाटी आणि हिरवंगार केळं घेऊन आली. आई न्यायला आलेलीच होती. मी कपाळावर हात मारला.

मोनिकाने शांतपणे विचारलं, “हे पिवळं आहे?”

“आता नाय, टीचर. पिकल्यावर व्हईल ना!”

मोनिकाने तिला उचलूनच घेतलं. पोरीने शब्द अचूक वाचला होता. दुसऱ्या दिवशी रोझी वेळेवर हजर होती.

परवा भाचीने लेकीसाठी रंगांचा तक्ता आणला. प्रत्येक शब्द आपापल्या रंगात. पोर खडाखडा वाचत सुटली, सगळे कौतुक करत होते, मला बसवेना. उठून पेन्सिलीने कागदावर ‘निळा’ लिहिलं.

“काळा,” ती म्हणाली.

मी तक्ता भिंतीवरून काढला.

“मावशी, अगं, छान वाचत होती की!” भाची चिडली.

या वेळी उत्तर द्यायला मोनिका नव्हती. “वाचत नव्हती गं,” मीच म्हटलं, आणि रडू आवरेना.