लांबचं बघणारी

‘द्रष्टा’ हा शब्द मी पहिल्यांदा दौंडात लाउडस्पीकरवर ऐकला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. कुणा पुढाऱ्याचा सत्कार असला की वक्ते ‘द्रष्टे नेतृत्व’ म्हणायचे; पुढाऱ्यानं नेमकं काय पाहिलं, ते मात्र कुणी सांगत नसे. आमच्या रेल्वेच्या चाळीत असल्या माणसाला साधं नाव होतं, लांबचं बघणारा. हे कौतुक पुरुषापुरतं. बाईला म्हणताना तोंड वाकडं व्हायचं. ‘लई लांबचं बघती बाई’ म्हणजे आगाऊ, संशयी, नको तिथं नाक खुपसणारी. माझ्या सासूबाईंना अख्खी चाळ असं म्हणायची. आणि खोटं कशाला बोलू, मीही त्यातच होते.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. सातव्यात माझी आई केंदूरहून एसटी बदलत मला न्यायला आली. सासूबाईंनी तिला पोटभर जेवू घातलं, खणानारळानं ओटी भरली आणि सांगितलं, सून येणार नाही. दवाखाना इथं जवळ आहे, एवढंच कारण दिलं. आईला वाटलं, आमच्या गावची सुईण यांना कमीपणाची वाटते. ती डोळे पुसतच गेली. नळावर बायका मला विचारायच्या, माहेर तुटलं का गं तुझं? अस्सा संताप यायचा! दोन महिने मी सासूबाईंशी कामापुरतं बोलले.

एका दुपारी कळा सुरू झाल्या. टांगेवाल्याला त्यांनी आठवडाभर आधीच सांगून ठेवलं होतं. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि त्यांचा चेहराच उतरला. बाळ पायाळू होतं, नाळेचा वेढा गळ्याला. पुढचं मला नीट आठवत नाही. पोरगी उशिरा रडली, पण रडली. घरीच बाळंत झाली असतीस तर दोघीही हाती लागला नसतात, असं डॉक्टरीणबाई मला नंतर म्हणाल्या.

पाचवीला आई आली. मी तिच्यासमोरच सासूबाईंना विचारलं, “आत्याबाई, तुम्हाला हे आधी कसं दिसलं?”

त्या लंगोट घडी करत होत्या. “मला काय दिसायचंय? माझं पहिलं पोर माहेरात आडलं. सुईणीनं हात टेकले, मग गाडी जुपली. दवाखाना यायच्या आत पोर गेलं.”

आई म्हणाली, “विहीणबाई, तवाच सांगायचं की. मी मनात किती बोलले तुम्हाला.”

“पोटुशीला असलं सांगत्यात व्हय?” सासूबाई म्हणाल्या.

आईनं माझ्या कुशीतून पोर उचललं आणि विहिणीच्या मांडीवर ठेवलं.