काकांचा आवाज

माझ्या मावशीचे यजमान, आमचे काका, खाडीकाठच्या खारफुटीत पक्षी दाखवायचं काम करतात. शहरातून हौशी लोक येतात. काका त्यांना होडीतून मचाणापर्यंत नेतात आणि कानाशी लागून सांगतात, "डावीकडे, तिसऱ्या झाडाखाली, तुतवार." सगळं कुजबुजत, कारण मोठ्यानं बोललं की पक्षी उडतात. सव्वीस वर्षं कुजबुजल्यावर घसा दुसरं काही करायचंच विसरतो. काका भाजीवाल्याशीही असे बोलतात, की चोरीच्या वांग्यांचा सौदा चाललाय असं बघणाऱ्याला वाटावं. एकदा घरात साप निघाला, तर मावशीच्या कानाशी येऊन म्हणाले, "उजवीकडे, कपाटाखाली." मावशीला वाटलं, हरवलेली चप्पल सापडली.

मावशी सव्वीस वर्षं दोघांच्या वाटचं बोलली आणि मग तिचं डोकं फिरलं. "भिंतीशी बोललं तर आवाज घुमतो तरी," असं म्हणून तिनं कायमचं लेकीकडे जायचं ठरवलं. रविवारी संध्याकाळची गाडी होती. शनिवारीच बॅगा दाराशी आल्या, तेव्हा काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "तिला एकदा माझं काम बघू दे. मग राहील ती." त्यांचे डोळे भरून आले होते. मला दया आली आणि रागही आला. बायकोला थांब म्हणायला खारफुटी कशाला लागते? पण मी मावशीला पटवलं. "चला," ती म्हणाली, "आणि तिथं मी चकार शब्द काढणार नाही. वचन देते. मग कोणी म्हणायला नको, की हिच्यामुळे पक्षी उडाले."

रविवारी सकाळी आमच्याबरोबर बारा पक्षीवेडे होते, सगळे शेवाळी कपड्यांत. इतके गंभीर चेहरे मी कुणाच्या मयतालाही पाहिले नाहीत. त्यांचे पुढारी एक दातांचे डॉक्टर होते. मचाणावर चढून तासभर झाला आणि समोरच्या चिखलात तो आला. अकरा वर्षांत कुणाला न दिसलेला पक्षी! मला तो शेजारच्या चारशे भुऱ्या पक्ष्यांसारखाच दिसला, पण बारा जणांचे श्वास थांबले.

तेवढ्यात कंटाळलेली मावशी एक लाल खेकडा जवळून बघायला शिडी उतरली आणि चिखलात गुडघ्यापर्यंत रुतली. भरती सुरू झाली होती. दुसरी कुणी असती तर गाव गोळा केला असता. मावशी वचनाला जागली. ओठ घट्ट मिटून ती नुसते हात हलवत राहिली.

मी ओरडायला तोंड उघडलं, तर डॉक्टरांनी त्यावर हात ठेवला. एरवी दुसऱ्याचं तोंड उघडून घेणारा माणूस, पण बंदही सफाईनं करत होता.

"बाई रुतल्यात, दोरी द्या," काका कुजबुजले. निरोप कानोकानी शेवटच्या माणसापर्यंत गेला, आणि तसाच उत्तर घेऊन आला. "पाच मिनिटं थांबू शकतील का, विचारा."

"पाणी कमरेला लागलंय," काका कुजबुजले.

"कंबर म्हणजे वेळ आहे अजून," डॉक्टर दुर्बिणीतून डोळा न काढता म्हणाले.

काकांनी त्या पक्ष्याकडे पाहिलं. मग मावशीकडे पाहिलं. त्यांच्या गळ्याची शीर फुगली, गंजलेलं फाटक उघडावं तसं काहीतरी करकरलं आणि मग मावशीचं नाव बाहेर पडलं. एवढं मोठं, की खाडीतले सगळे पक्षी एकदम उडाले. अकरा वर्षांनी दिसलेला तो भुराही गेला. काका फळी घेऊन खाली धावले, फळीवर पालथे पडून सरपटत मावशीपर्यंत पोचले आणि तिला काखेत धरून उपसून काढलं. वर डॉक्टर वहीत लिहीत होते, "अनोळखी आवाज. मोठा नर. अतिशय कर्कश."

परतीच्या होडीत कुणी काकांकडे बघेना. सगळे मिळून तक्रार करणार होते. काका मावशीच्या कानाशी काहीतरी पुटपुटले. तिनं मान वळवली. वचन अजून चालूच होतं, की राग, मला कळेना. धक्क्यावर उतरल्यावर ती चिखलानं माखलेली, एका चपलेवर, तरातरा रिक्षाकडे निघाली. काका होडीतच उभे राहिले आणि सगळ्या बंदराला ऐकू जाईल असे ओरडले, "जाऊ नकोस!"

मावशी वळली.

"एवढं ओरडायला काय झालं? मी काय बहिरी आहे?"

मग तिनं माझ्याकडून फोन मागून घेतला आणि लेकीला म्हणाली, "माझी वाट बघू नकोस गं. तुझा बाप आत्ता कुठे बोलायला लागलाय."