राखणदारानं निवडलेला बास

जयवंत परब आमच्या घाटकोपरच्या चाळीतला सगळ्यात बुटका माणूस, आणि मेळ्यात वाजवायचा सगळ्यात मोठं वाद्य. देवानं ही जोडी काय विचार करून जमवली ते देवालाच ठाऊक.

गावी असताना तो दशावतारात मृदंग वाजवायचा. मुंबईत आला तो गिरणीत सांच्यावर लागला. सांचेखात्यात शेकडो माग एकदम खडखडतात, तिथं माणसाचे कान टिकत नाहीत. जयवंताचे हळूहळू गेले. पूर्ण नाही, पण बारीक आवाज गेले, आणि उरलेले गोधडीतून आल्यासारखे यायचे. चाळीत आम्ही त्याच्याशी ओरडूनच बोलायचो. तसे आम्ही मालवणी एकमेकांशीही ओरडूनच बोलतो, त्यामुळं बाहेरच्याला त्यात काही वेगळं दिसत नसे.

मेळा म्हणजे गणपतीत स्टेजवर नकला, संवाद, गाणी करणारी आमच्या वाडीची मंडळी. त्याचा म्होरक्या नंदकुमार, तो आमच्या चाळीतला नव्हे. विमा कंपनीत कारकून, गळ्यात अकॉर्डियन, केसांना ब्रिलियंटाइन. त्यानं एका क्लबातून डबल बास मागून आणला होता. माणसाएवढं व्हायोलिन, उभं धरून बोटांनी तारा ओढायच्या, की घुम् घुम् असा खालचा आवाज निघतो. कोणी हात लावायला तयार नव्हतं, कारण जो वाजवणार त्यानंच ते धूड उचलून न्यायचं. जयवंतानं उचललं. त्याची बायको मालन म्हणाली, घरात एक खाट मावत नाही, ह्या रेड्याला कुठं बांधू? मग रेडा गॅलरीत राहू लागला.

तो वाजवायचा मात्र झकास. गोम अशी की जयवंत कानानं वाजवतच नव्हता. बासची मान जबड्याला टेकवायची, बासचाच खांदा आपल्या गळ्याखालच्या हाडाला लावायचा, डोळे मिटायचे. तार हलली की हाडात कळायचं. मला हे मालननं सांगितलं होतं, आणि बजावलं होतं की नंदकुमारच्या कानावर जाता कामा नये. बहिरा बासवाला मेळ्यात कोण ठेवील?

ऐन श्रावणाच्या तोंडावर क्लबानं बास परत मागवला. नंदकुमार म्हणाला, यार जयवंत, तुझा स्वतःचा बास झाला तर ठीक, नाहीतर चेंबूरला एकजण आहे, त्याच्याकडे घरचा आहे. जयवंताला एवढंच कळलं की गिरणीतून सुटल्यावर हाडांत जे एक गोड काहीतरी भरायचं, ते जाणार. मालननं भिशी उचलली.

मरोळला पास्कू नावाचा म्हातारा पडवीत व्हायोलिनं दुरुस्त करायचा. त्याच्याकडे दोन बास होते. नंदकुमार, जयवंत आणि मी गेलो. एक उंचापुरा, काळ्या चकचकीत रोगणाचा, आगबोटीनं आलेला. दुसरा बैठा, पिवळट, पोटाला ठिगळ, एक खुंटी नंतर बसवलेली. किंमत सारखीच, कारण पास्कूला पडवी मोकळी करायची होती आणि कोण कुठला नेतो याची त्याला पर्वा नव्हती.

जयवंतानं आधी मोठा घेतला. मानेच्या वरच्या टोकापर्यंत पोचायला हात ताणावा लागे, आणि हात ताणला की छाती मागं जाई. बास आणि माणूस यांच्यात वीतभर पोकळी राहायची. मग त्यानं छोटा घेतला. मान बरोबर जबड्याला आली. चार तारा ओढल्या आणि त्याच्या चेहऱ्यावर जेवण झाल्यासारखी शांतता पसरली.

"ह्योच," तो म्हणाला.

नंदकुमार म्हणाला, वेडा का रे तू? स्टेजवर शोभा कशाची? हा ठिगळाचा बास बघून मुलुंडचा मेळा हसेल. मोठ्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. तेही खोटं नव्हतं, बाहेर उभं राहून ऐकताना मोठाच भारी वाटत होता. जयवंताला खरं कारण सांगता येईना, आणि बिनकारणाचा हट्ट नंदकुमार ऐकेना. शेवटी आमचा मालवणी माणूस अडला की जे करतो तेच जयवंतानं केलं. म्हणाला, कौल लावू.

टेकडीवर चिंचेखाली आमच्या लोकांनी एक राखणदार, म्हणजे वस्तीची राखण करणारा देव, मांडलेला होता. गावाकडची माती, वरती शेंदूर लावलेला धोंडा. त्याचं सगळं सहदेव घाडी बघायचा. दिवसा म्युनिसिपालटीत नळ जोडायचा, पण गाऱ्हाणं घालायला उभा राहिला की गावी देवाशी बोलणाऱ्या घाड्याचा नातू वाटायचा. राखणदाराला गावी दारू लागते. इथं दारूबंदी, म्हणून सहदेव स्टेशनवरच्या केंद्रातून नीरा आणायचा. देवालाही मुंबईत राहायचं तर चालवून घ्यावं लागतं.

धोंड्याच्या दोन्ही बाजूंना ओले तांदूळ चिकटवले. उजवा पडला तर मोठा, डावा पडला तर छोटा. सहदेवानं विचारलं, गाऱ्हाणं कोणाच्या नावानं? नंदकुमार पुढं झाला. मेळा माझा, म्हणाला, मेळ्याच्या नावानं घाला. जयवंताला ते ऐकूच गेलं नाही. सहदेवानं हात जोडून आवाज लावला, की बा देवा म्हाराजा, ह्या मेळ्याचा मान वाढू दे, शोभा होऊ दे, दुसऱ्या मेळ्यांचे डोळे फाटू देत. आम्ही दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणत गेलो. उजवा तांदूळ टपकन पडला.

मोठा रेडा चाळीत आला. जयवंत पाटावर उभा राहून वाजवू लागला, तर बास त्याच्या अंगावर यायचा आणि पाट हलायचा. हाडाला लाकूड लागेना. तालमीत तो अर्धा सूर चढू लागला, कधी उतरू लागला, आणि त्याला त्याचा पत्ताच नसायचा. पेटीवाला हसायचा. नंदकुमार चिडायचा. एके दिवशी त्यानं चेंबूरच्या माणसाला निरोप धाडल्याचं कळलं.

मालन भाजी चिरता चिरता उठली ती थेट सहदेवाच्या दारात.

"भावजीनू, तुमी देवाक मेळ्याचा इचारलास. माझ्या घोवाचा कोणी इचारल्यान?"

सहदेव म्हणाला, एकदा पडलेला कौल मोडता येत नाही. मालन म्हणाली, मोडा म्हणून कोण सांगतंय? तो मेळ्याचा कौल, मेळ्यानं सांभाळावा. माझ्या माणसाचा वेगळा लावा. सहदेवानं डोकं खाजवलं. गावात असा वाद आला असता तर पंचांनी चार रविवार बसून घालवले असते. इथं त्याला पाण्याच्या पाळीवर जायचं होतं. तो म्हणाला, चला.

नंदकुमारलाही बोलावलं, कारण कौलाला दुसरी बाजू हजर लागते. सहदेवानं या वेळी जयवंताच्या नावानं गाऱ्हाणं घातलं, त्याला सोसेल तो बास दे म्हणून. तांदूळ हलेना. पुन्हा घातलं. हलेना. कोणीतरी पुटपुटलं की आजची नीरा आंबली नसेल. सहदेव जयवंताकडे वळला आणि त्याच्या कानाशी जाऊन म्हणाला, अर्धं गाऱ्हाणं देव घेत नाही. काही राहिलं असेल तर तुझ्या तोंडानं घाल.

जयवंतानं मालनकडे पाहिलं. मग नंदकुमारकडे. मग धोंड्याकडे पाहून, बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाला,

"म्हाराजा, माका कानान आयकाक येणा नाय. हाडान येता. मोठो माझ्या हाडाक पोचणा नाय."

सवयीनं आम्ही सगळे म्हणालो, "व्हय म्हाराजा." नंदकुमारही म्हणून गेला, आणि म्हटल्यावर त्याला कळलं आपण कशाला व्हय म्हटलं ते. डावा तांदूळ घरंगळला.

आम्ही टेकडी उतरू लागलो. वाटेत नंदकुमारनं जयवंताला थांबवलं, स्वतःच्या गळ्याखालच्या हाडावर बोट ठेवलं आणि भुवया उडवल्या. जयवंतानं मान हलवली आणि ते बोट धरून जरा डावीकडे सरकवलं.

"च्यायला," नंदकुमार म्हणाला, "आणि मी दोन वर्षं तुला 'हळू वाजव' म्हणून ओरडतोय."

चेंबूरच्या माणसाला दुसरा निरोप गेला. पण कौल दोन होते आणि दोन्ही पाळायचे होते. पास्कूनं मोठ्याच्या बदल्यात छोटा दिला आणि मोठा गणपती होईपर्यंत राहू दे म्हणाला. पडवी एकदा मोकळी झाल्यावर त्याला तिच्यात पुन्हा काही नकोच होतं. तेव्हा मेळ्यात मोठा बास स्टेजच्या मध्यावर, हार घालून, नुसता उभा. मागं विंगेच्या कडेला जयवंत, जबडा ठिगळाच्या बासला टेकवून, डोळे मिटून. एक सूर ढळला नाही.

मुलुंडच्या मेळ्याचा म्होरक्या नंतर मुद्दाम आत आला. तुमच्या त्या मोठ्या बासचा आवाज काय घुमतो हो, म्हणाला, अगदी शेवटच्या रांगेपर्यंत. नंदकुमारनं अकॉर्डियनचा पट्टा सोडता सोडता सांगितलं, आगबोटीनं आलाय.

जयवंत शेजारीच बासला गोधडी गुंडाळत होता. त्याला काही ऐकू गेलं नाही.