धान जुळेपर्यंत

भंडारा जिल्ह्यात काडी लावून धानाची उंची मोजणारा माणूस एकच, आणि तो शेतकरी नाही, सिनेमाचा दिग्दर्शक आहे. माझं दुर्दैव असं की तो माझा सख्खा मावसभाऊ आहे आणि त्याच्या एकुलत्या एका पिक्चरचा हिरो मी आहे. लाखनीला हायवेच्या कडेला त्याचं दुकान. शटरवर वर ‘बांधी फिल्म्स’ आणि त्याखाली ‘येथे मोटार वायंडिंग करून मिळेल’, असं एकाच पेंटरनं एकाच रंगात लिहिलेलं. गिऱ्हाईक जळलेला पंप घेऊन यायचं आणि सरपंचाचा रोल घेऊन जायचं. कंपनीत माणसं चार. एक दादा, म्हणजे हाच. दुसरा लाखांदूरचा लग्नाचे व्हिडिओ काढणारा फोटोग्राफर, कॅमेरा त्याचा म्हणून तो भागीदार. तिसरा मी, आणि चौथी दादाची आई, म्हणजे माझी मावशी. हिरोईनसाठी दादा गावोगाव फिरला, पण एकीच्याही घरचे हो म्हणेनात. मग कथा आई-मुलाची झाली आणि मावशी आई झाली. युनिटचा स्वयंपाकही तीच करायची.

मागचं-पुढचं जुळलं पाहिजे, हे दादाचं वेड. माझ्या निळ्या चौकड्याच्या शर्टावर पहिल्याच दिवशी चिखलाचा डाग पडला. पुढचे सगळे दिवस तो शर्ट धुवायची सक्त मनाई. मावशीनं एकदा न राहवून धुतला, तर हा बुवा त्याच बांधीच्या, म्हणजे धानाच्या खाचराच्या, त्याच कोपऱ्यात जाऊन तोच चिखल घेऊन आला आणि काडीनं डाग काढत बसला, जसा काही मेंदीच काढतोय! आमच्याकडे झाडीपट्टीत जो तो नाटकात काम केलेला. सरपंच झालेल्या म्हाताऱ्यानं पहिलाच संवाद असा ठोकला की बांधावरचे बगळे उडाले. दादा म्हणाला, “काका, हळू बोला, कॅमेरा इथंच आहे.” काका भडकले. “मागच्या रांगेतल्याले ऐकू गेलं पायजे का नाई, बाप्पा?” पुढच्या शॉटमध्ये बगळे नव्हते. ते परत येईपर्यंत दादानं आम्हाला दोन तास उन्हात बसवून ठेवलं.

राहिला तो फक्त शेवटचा सीन. गोष्टीत मुलगा काम शोधायला शहरात जातो आणि आठ दिवसांत हात हलवत परत येतो. आई बांधावर उभी असते. ती म्हणते, “आलास बाबू? हातपाय धू, भात वाढतो.” (आमच्याकडे बायाही ‘वाढतो’च म्हणतात.) खलास, पिक्चर संपला. पण नेमका त्या वेळी फोटोग्राफर गणपतीच्या शूटिंगला पळाला. तो परत आला तोवर धानाच्या लोंब्या बाहेर पडल्या होत्या. दादानं काडी लावली आणि मान हलवली. “नाई जुळत. आता पुढच्या वर्षी.” पुढच्या वर्षी मला पुण्याला नोकरी लागली आणि सुट्टी मिळाली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी मावशीनं बांधीत उंच जातीचं धान लावलं. दादा तिच्याशी दोन दिवस बोलला नाही, जेवला मात्र तिच्याच हातचं. अशी सात वर्षं गेली. दर पावसाळ्यात ऑफिसात माझा फोन वाजायचा. “पिंटू, धान गुडघ्याले लागून राहिलं. येतं का?” आणि मी दर वर्षी काहीतरी कारण सांगायचो. कारणं खरीच असायची, पण कबूल करतो, सांगताना बरं वाटायचं नाही.

यंदाचा फोन मात्र वेगळा होता. “आई विसरून राहिली रे. काल मलेच विचारलं, तू कोनाचा? तिच्या डोक्यात आपून आहो तोवर सीन घेऊन टाकू. तू ये.” मी त्याच दिवशी रजा टाकली.

बांधीत उतरलो तेव्हा धान बरोबर होतं, पण मी नव्हतो. शर्टाची बटणं लागेनात, डोक्यावर केस उरलेले नव्हते. फोटोग्राफरनं पोटासमोर पिशवी धरायला लावली आणि डोक्याला दुपट्टा बांधला. मला वाटलं, आता दादा डोकं आपटून घेणार. पण काडीसुद्धा आणली नव्हती त्यानं. मावशी बांधावर उभी होती. सात वर्षं भात ढवळतानाही जो संवाद ती म्हणायची, तो दादानं सकाळपासून दहा वेळा तिच्याकडून घोकून घेतला होता. कॅमेरा सुरू झाला, मी चालत आलो. मावशीनं माझ्याकडे खूप वेळ पाहिलं. मग माझा हात धरला.

“पिंटू, काहून नाई आला रे इतके दिवस? मी रोज वाट पाहातो ना तुई.”

हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. मला रडू आवरेना. “आलो ना मावशी,” एवढंच मी म्हणालो. आई म्हणायचं होतं, तेही विसरलो. दादानं थांबवलं नाही, परत घेऊ म्हणाला नाही. बराच वेळ तो बांधाकडे पाठ करून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवरून तो मला वरठीला स्टेशनवर सोडायला आला. वाटेत त्यानं फक्त रेल्वेची वेळ विचारली. एरवी हा माणूस लाखनी ते वरठी तीन पिक्चरच्या गोष्टी सांगेल! गाडी आली, मी चढलो. खिडकीच्या गजाला धरून तो म्हणाला, “झाला गड्या पिक्चर. आता तुले बोलवाले माह्यापाशी कारणच नाई राहिलं.”

बिनाकारणाचं बोलाव ना दादा, असं म्हणायला हवं होतं. ते मला गाडी सुटल्यावर सुचलं.